मूठभर झोप

देवळात झोपते म्हणून मी एका म्हातारीला चारचौघांसमोर झापलं, आणि झापताना माझ्या स्वतःच्या गालावर चटईचे वळ होते. अख्खी दुपार देवळात गाढ झोपून मीच नुकती बाहेर आले होते. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. बराचसा नातवंडांना पाठ आहे, आणि जेवताना ती माझ्याकडून तो वदवूनही घेतात. हा एक मात्र त्यांना कधी सांगितला नाही.

आम्ही मुखेडचे ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, भेटलो की सलाम म्हणतो, आणि रविवारी एकमेकांच्या साड्या बघतो. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते, म्हणजे आजच्या मानाने पोरसवदाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, महिला मंडळाची चिटणीस, मुलांच्या रविवारच्या शाळेची प्रमुख, शिवाय भजनाच्या वेळी पेटी वाजवणारी. पेटीवाला दुसरा होता. पण त्याचा सूर मला पटत नसे. देवाचं काम माझ्यावाचून एक आठवडाभर तरी चालेल का, याची मला खरोखर शंका होती. प्रार्थनेला उभी राहिले की मी देवाला श्वास घ्यायला जागा ठेवत नसे.

आणि ही म्हातारी पहिल्या रांगेत घोरायची.

ती पूर्वी बायबलबाई होती. म्हणजे गावोगाव पायी हिंडून घराघरांतल्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, बाळंतिणीला हात द्यायचा, हे तिचं काम. मुखेडच्या आसपासची किती गावं तिच्या चपलांखालून गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. काम सुटल्यावर ती देवळामागच्या एका खोलीत राहायची. एकटीच. पांढरं लुगडं, बारीक निळा काठ, बारा महिने छत्री. खांद्याला शास्त्राची पिशवी, आणि पिशवीत शास्त्राबरोबर एक लहानशी उशी. ही उशी तिला बाजारातल्या शिंपीचाचांनी उरल्यासुरल्या छिटांची शिवून दिली होती. चाचींना टायफॉइड झाला तेव्हा ही त्यांच्या उशाशी बसली होती, आणि चाचांना म्हणाली होती, "तुमी बी पडा जरा, मियाँ. दोघं आजारी पडलात तर माझं पोलकं कोन शिवंल?"

रविवारी पहिलं भजन ती खड्या आवाजात म्हणायची. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की पिशवीतून उशी काढायची, भिंतीला लावायची, तिच्यावर डोकं टेकायची, आणि पाच मिनिटांत घोरणं सुरू. लपवाछपवी नाही की संकोच नाही. शेवटच्या आशीर्वादाला मात्र न उठवता जागी व्हायची. दाराशी पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन म्हणायची, "उपदेश लई गोड झाला, साहेब."

"तुम्ही ऐकलात कुठं, आजी?"

"झोप लागली म्हंजी गोडच आसंल. कडू उपदेशात कुनाला झोप लागती?"

पाळकसाहेब हसायचे. मला त्यांचाही राग यायचा. मनातल्या मनात मी तिला घोरपड म्हणत असे आणि या विनोदावर बेहद्द खूश होते.

एकदा मी तिला सरळ विचारलं, "आजी, घरी झोपून का येत नाही?"

"घरी डोळा लागत न्हाई गं, मास्तरीण. रातभर नुसती कूस बदलते. जलमभर दुसऱ्याच्या आजाऱ्यापाशी जागले, तीच सवय बसली बघ. जरा खुट्ट झालं की वाटतं, कुनीतरी पानी मागायलंय. हितं कसं, राखनदार जागा हाय. त्याला झोप म्हनून न्हाई. मग मी कामून जागू?"

मी तिला उपासनेचं गांभीर्य या विषयावर थोडंसं बोलले. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुजे डोळे लई लाल झालेत गं माय."

डोळे लाल होतेच. माझ्या सासूबाईंना लकवा होऊन तीन वर्षं होत आली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. नवरा एस.टी. डेपोत, त्याच्या ड्युटीचा ठिकाणा नाही. पहाटे उठून त्यांचं अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, भरवायचं, शाळा गाठायची, मधल्या सुट्टीत पळत येऊन परत भरवायचं, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला. ही शेवटची गोष्ट मी सोडू शकले असते. पण मग लोक म्हणाले असते, बाई थकली. ते मला चालणार नव्हतं. लोक म्हणायचे, "मॅडमचा विश्वास म्हंजे खडक हाय बघा," आणि मी मान खाली घालून ते पूर्ण ऐकून घ्यायची.

खडकाच्या आत काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. तोंड प्रार्थना करायचं आणि मन दोरीवरच्या चादरी मोजायचं. देव आहे हे मी दर रविवारी मुलांना शिकवत होते, पण माझ्यापुरता तो बदली होऊन दुसऱ्या तालुक्याला गेला असावा असं वाटायला लागलं होतं. कुणाला सांगणार? चिटणीसच अशी म्हटल्यावर मंडळ काय म्हणेल?

एका संध्याकाळी सासूबाई पेज घेईनात. तोंड मिटून घेतलं. मी दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं, आणि मग वाटी भिंतीवर भिरकावली. पेज भिंतीवरून खाली ओघळली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, आपल्याला मार बसणार आहे असे. तो चेहरा मला अजून दिसतो. त्यानंतर मी तोंड धुऊन, साडी बदलून महिला मंडळाला गेले. त्या दिवशीचा विषय सहनशीलता होता, आणि बोलायला मीच होते. छान बोलले, असं सगळ्या म्हणाल्या.

परत आले तर म्हातारी सासूबाईंच्या खाटेशी बसलेली. मंडळाला न येता ती इकडे आली होती. ओल्या फडक्याने तिने भिंत पुसून काढली होती, पण नव्या चुन्यावर डाग तसाच दिसत होता. दोघी काहीतरी हसत होत्या. लकव्यानंतर सासूबाई मी असताना हसल्याचं मला आठवत नव्हतं.

भिंतीबद्दल म्हातारी काही बोलली नाही. उठताना म्हणाली, "मास्तरीण, आठवड्याची एक दुपार मला दे. मी हितं बसते, तू देवळात जाऊन झोप."

"देवळात झोपू?"

"मग काय नाचाया जातीस? भाकरीचं पीठ घेताना देवाची मूठ बाजूला काढतीस का न्हाई?"

काढायची. आमच्यात ती पद्धतच आहे. रोजच्या पिठातून, दाण्यातून एक मूठ देवाच्या मडक्यात टाकायची आणि सुगीच्या सणाला ती देवळात न्यायची. माझं मडकं सगळ्यांत मोठं होतं, हे सांगायला नको.

"तशी मूठभर झोप काढायची बाजूला. ती बी त्याचीच हाय. तू समदं त्याला द्यायलीस, थकवा तेवढा दडवून ठिवलायस."

मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे नाही, हे मुखेडमध्ये कुत्र्यालाही कळतं.

ती पुन्हा आली. दर आठवड्याला यायची, दारात उभी राहायची, छत्री मिटून विचारायची, "आज देतीस का दुपार?" आणि मी दर वेळी काहीतरी काम सांगायची. तिचा एकच उपदेश होता, तोही ती मला दारात उभ्याने द्यायची. शास्त्रात एक संदेष्टा आहे, पळून पळून थकलेला, रानात झुडपाखाली मरण मागत पडलेला. "देवानं त्याला काय क्येलं? झापलं का? प्रार्थनेला बसीवलं का? न्हाई. भाकर भाजून उशाला ठिवली. खाल्ली त्येनं, पुन्यांदा झोपला. देव म्हनला, झोपू द्या. पुढचं बोलनं मागनं क्येलं." मग माझ्याकडे बघून, "आन् तू काय संदेष्ट्याहून मोठी लागून गेलीस?"

तसं मला वाटत होतं खरं.

त्या वर्षी उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी आम्ही साखळी प्रार्थना ठरवली. ठरवली म्हणजे मी ठरवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत देवळात एकामागून एक माणसाने येऊन तासभर प्रार्थना करायची; एक उठायच्या आत दुसऱ्याने गुडघे टेकायचे. साखळी मध्ये तुटता कामा नये. मी सगळ्यांना तास वाटले आणि म्हातारीला वगळलं.

"मला कोनचा तास?" तिने विचारलं.

"तुम्ही आपल्या घरूनच करा, आजी. इथं साखळी आहे. मध्ये झोप लागली तर?"

"लागंल की," ती म्हणाली. "बरं. मी बाहीर पायरीवर बसते."

दुपारी दोनचा तास मी स्वतःकडे घेतला, कारण एप्रिलच्या उन्हात दोनला कोण येणार? शहीद व्हायची संधी मी सहसा सोडत नसे. नवऱ्याने आईजवळ बसायला रजा काढली होती. मी पहाटेपासून उपाशी. देवळात लाईट गेलेली, पंखा बंद, खिडकीतून गरम झळा. वेदीसमोरच्या चटईवर मी गुडघे टेकले, आणि म्हणाले, "हे दयाळू बापा..."

पुढचं त्याने ऐकलं असेल तर त्यालाच माहीत.

जाग आली तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत आलं होतं. डोक्याखाली छिटांची उशी होती. दार बाहेरून लोटून घेतलेलं. क्षणभर मला मी कोण, कुठली, कशाची चिटणीस, काही आठवेना. इतकी हलकी मी लग्नानंतर कधी झाले नव्हते. कुणीतरी तापलेल्या कपाळावर हात ठेवून नुकताच उचलला असावा, असं वाटत होतं. तिथेच आणखी थोडी पडून राहिले असते तर पुढची सगळी शोभा टळली असती.

पण बाहेरून कुजबूज ऐकू आली आणि चिटणीस जागी झाली.

दार उघडलं. म्हातारी पायरीवर बसलेली, दाराला पाठ लावून, डोक्यावर छत्री. तीनच्या तासाची बाई, चारच्या तासाचे दोघे आणि पाळकसाहेब, सगळे लिंबाच्या झाडाखाली बसलेले. तिने एकेकाला पायरीवरच अडवून तिकडे पाठवलं होतं. "आत चालू हाय. लई खोल गेलीया. तुमी झाडाखाली करा तवर." आणि त्यांनी खरंच झाडाखाली आपापले तास केले होते. साखळी कुठे तुटलेली नव्हती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त तीनच्या बाईचं हसू दिसलं. ती माझ्या गालाकडे बघत होती.

मी म्हातारीकडे वळले.

"तुम्हाला काही कळतं का? जन्मभर देवळात घोरलात, ते सगळ्यांनी खपवून घेतलं. आता मलाही हसं करायचं होतं का? देवाचं घर म्हणजे काय धर्मशाळा वाटली तुम्हाला, उशी घेऊन येता ती? एवढं शास्त्र वाचत हिंडलात, पण देवासमोर जागं राहायची लाज काही शिकला नाहीत. तुमच्यासारख्यांमुळं लोक आपल्याला नावं ठेवतात."

माझा आवाज शाळेतला होता, मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. पाळकसाहेब "मॅडम, मॅडम" म्हणत उठले. म्हातारीने त्यांना हातानेच बसवलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आत गेली, चटईवरची उशी उचलून पिशवीत घातली, आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी टोला देईल. टोला तिच्या जिभेवर कायम तयार असायचा.

"बरं, मास्तरीण," ती म्हणाली. "चुकलं माजं."

एवढंच बोलली आणि छत्री न उघडता उन्हातून खोलीकडे गेली.

घरी आले. सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि जड जिभेने म्हणाल्या, "आज तुजं तोंड मान्सावानी दिसायलंय." मला हसू फुटलं. त्याही हसल्या. त्या संध्याकाळी मी त्यांना पेज भरवली तर वाटी संपली कधी ते कळलं नाही. नंतर स्वयंपाकघरात प्रार्थनेला बसले, आणि नेहमीचे शब्द येईचनात. एकही आला नाही. शेवटी म्हणाले, "थकले रे बापा." तीन वर्षांत मी त्याला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट. मग पुष्कळ रडले. आणि मला लख्ख जाणवलं की ऐकणारा समोर आहे. बदलीबिदली काही झालेली नव्हती. मीच हजेरी घेण्याच्या नादात त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मी पेटी पेटीवाल्याला परत केली. चिटणीसपद सोडलं, मंडळ बुडालं नाही, आणि याचं मला थोडं वाईट वाटलं. दुपारची मूठभर झोप मी बाजूला काढायला लागले. सासूबाई त्यानंतर दोन उन्हाळे जगल्या, आणि त्या भिंतीवर पुन्हा डाग पडला नाही. गेल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. हे सगळं मला त्या एका दुपारी मिळालं होतं, आणि दिलं कुणी तेही मला ठाऊक होतं.

म्हणजे जाऊन तिचे पाय धरायला हवे होते. खोली देवळामागे, चालत गेलं तर पानाचा विडा संपायच्या आत पोचावं एवढी जवळ. त्या संध्याकाळीच मी ठरवलं होतं, येत्या रविवारी उपासनेनंतर बोलू. रविवारी ती दिसली नाही. मग कळलं, बिलोलीचा भाचा येऊन तिला कायमची घेऊन गेला. वय झालं होतं, एकटीला ठेवणं बरं नव्हतं. जाण्याआधी ती आमच्या घरी येऊन गेली होती, मी शाळेत असताना. सासूबाईंजवळ बसली, त्यांच्या केसांना तेल लावलं, मला सलाम सांगितला.

बिलोली काही विलायत नाही. नवरा एस.टी.त, सकाळी निघावं तर जेवायला परत. पण आधी परीक्षा होत्या, मग निवडणुकीची ड्युटी लागली, मग सुनेचं बाळंतपण. खरं सांगायचं तर यातलं काही आड येत नव्हतं. लाज येत होती. माफी मागायला गेलं की आपण चुकलो होतो हे चारचौघांत खरं होतं, आणि न जाता ते आपल्यापुरतं राहतं. अशी हिशेबी बाई होते मी. वर्षं गेली. मधे टाळेबंदी आली, तेव्हा तर मला जायची इतकी तीव्र इच्छा झाली की विचारू नका. जाता येत नव्हतं ना.

मग एका सकाळी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला की त्या बिलोलीत प्रभूमध्ये झोपी गेल्या. आमच्यात असंच लिहितात. वाचून मला आधी हसू आलं. म्हटलं, घ्या, आता कोण उठवतंय. मग भाकरी तव्यावर करपली तरी मी तशीच उभी राहिले.

सांत्वनाच्या प्रार्थनेला बिलोलीला गेले. घर लहान, स्वच्छ. भाच्याची बायको तेलंगणाकडची, मला अक्का म्हणत होती. सगळी गेल्यावर मी मुद्दाम मागे थांबले. म्हटलं, हिला तरी सगळं सांगून टाकावं, निदान कुणापाशी तरी "चुकलं माझं" म्हणावं. तिने माझ्यापुढे चहा ठेवला. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच कौतुकाने बोलायला लागली. मुखेडचं माणूस आलंय, म्हातारीचा मोठेपणा त्याला कळावा, असं तिला वाटत असावं.

"लई मान होता, अक्का, त्यांला हितल्या मंडळीत," ती म्हणाली. "रातभर घरात येरझारा घालायच्या, डोळ्याला डोळा न्हाई. तरी ऐतवारी पहिल्या रांगेत ताठ बसायच्या. आमचे पाळकसाहेब तर लेकरांला उदाहरन द्यायचे, बघा म्हनायचे, एवढं वय, पण आजीनं आपल्या देवळात एकदा बी डुलकी घेतली न्हाई."